छपराखालचा फुटबॉल

रविवारी सकाळी आबिड्सला कधी आला असाल तर ते दृश्य तुमच्या ओळखीचे असेल. दुकानांची शटरे बंद आणि त्यांच्यासमोरच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीगच्या ढीग. इंजिनिअरिंगच्या गाइडपासून उर्दू कादंबऱ्यांपर्यंत सारे एकाच दरात. आपल्या देगलूर-बिलोलीकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला नाहीतर दवाखान्याच्या कामाला हैदराबादला येतात आणि परतीच्या गाडीला वेळ असला तर या ढिगांशी हमखास थबकतात. मी तर लग्न होऊन इथे आले १९९९ साली. तेव्हापासून आबिड्सचा हा रविवार माझ्या घराच्या दारातलाच.

२०२३ च्या मार्च महिन्यात याच फुटपाथवर मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळीस रुपयांना घेतले. मुलांना फुटबॉल शिकवण्याचे पुस्तक. पानोपानी चित्रे, तक्ते, आठवड्यांचे वेळापत्रक. हंगाम नसताना मुलांचा सराव छपराखाली कसा घ्यावा, यावर त्यात अख्खे एक प्रकरण होते. मला वाटले, घबाडच सापडले! त्या घबाडाने माझ्या मुलाचे अख्खे एक वर्ष खाल्ले, ती ही गोष्ट.

आमचा धाकटा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याची शाळा आबिड्समध्येच, आणि शाळेचा चौदा वर्षांखालचा फुटबॉलचा संघ. मुले अठरा. त्यात आमच्यासारखी मराठी घरातली दोन, बाकी तेलुगू, उर्दू, मारवाडी, एक मल्याळी. २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबाद एफसीने गोव्यात इंडियन सुपर लीग जिंकली आणि इथल्या पोरांच्या अंगात जणू वारे शिरले. (तो संघ २०२५ मध्ये दिल्लीला गेला, तो भाग वेगळा.) मुलांना शिकवायला एक वयस्क सर येत. स्वतः जुने खेळाडू, बोलणे अस्सल दखनी. मी हजेरीची वही सांभाळायची, पाण्याचे बघायचे, पालकांना निरोप द्यायचे. म्हणजे संघाची बिनपगारी कारकून.

आपल्याकडे फुटबॉल हा पावसाळ्यातला खेळ. शाळांच्या स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये. परीक्षा आटोपून एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात तेलंगणातल्या शाळांना सुट्टी लागते ती बारा जूनपर्यंत. हे सात आठवडे म्हणजे आमचा बिनहंगामी काळ. थंड देशांत मुले बर्फामुळे आत येतात, आपल्याकडे उन्हामुळे. मे महिन्यात सकाळी आठनंतर हैदराबादच्या मैदानावर उभे राहवत नाही. शाळेने दयाळूपणे हॉल वापरायला दिला होता. लांबी साधारण साठ फूट, रुंदी पस्तीस, एका टोकाला स्टेज, वर सहा पंखे आणि खाली शहाबादी फरशी.

ही फरशी लक्षात ठेवा.

त्या उन्हाळ्यात सरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, ते येणार नव्हते. मग आम्ही तिघे पालक बसलो आणि पुस्तकातले वेळापत्रक जसेच्या तसे उतरवून काढले. आठवड्यातले सहा दिवस, रोज दीड तास. दोरीच्या उड्या, बाकावरून उड्या, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावणे, वळणे, पुन्हा धावणे. चेंडू शेवटची वीस मिनिटे. मुले घामाने निथळायची आणि आम्ही कौतुकाने बघायचो. इतर शाळांची मुले मामाच्या गावी आंबे खात असतील, आपली तयारी करताहेत!

मेच्या दुसऱ्या आठवड्यात धाकटा म्हणाला, ‘आई, टाच दुखतीय.’

मी म्हटले, ‘बूट चावत असेल. दोन मोजे घाल.’

तीन दिवसांनी पुन्हा म्हणाला. तेव्हा आतेभाऊ आले होते, घरात पत्त्यांचा डाव रंगला होता. मला वाटले, याला सरावाला बुट्टी मारायची आहे. मी सगळ्यांसमोर बोलले, ‘खेळायचं असलं की टाच दुखत नाही, सराव असला की बरी दुखते!’ सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर तो टाचेबद्दल एक शब्द बोलला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि एक दिवस मी त्याला जिना उतरताना पाहिले. कठड्याला धरून, चवड्यांवर, एकेक पायरी. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही टाचा बाजूंनी दाबल्या तेव्हा तो कळवळला. डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते. वाढत्या वयात टाचेच्या हाडाला मागच्या बाजूला वाढीची एक मऊ चकती असते. पोटरीचा स्नायू तिला वरून ओढतो, खालून कठीण जमिनीचे दणके बसतात, आणि ती सुजते. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसते. सेव्हरचा आजार म्हणतात. हाड काही कायमचे बिघडत नाही, विश्रांती, बर्फाचा शेक, पोटरीचे ताण आणि बुटात मऊ टाच एवढ्यावर बरे होते. पण विश्रांती हवीच. ‘केव्हापासून दुखतंय?’ त्यांनी विचारले. मुलाने माझ्याकडे न बघता सांगितले, ‘मेपासून.’

त्याचा तो सगळा हंगाम बाकावर बसून गेला. टाचेचे मला इतके वाईट वाटले नाही, टाच बरी झाली. पण पोरगा आपले दुखणे आपल्याला सांगेनासा झाला, हे मला खुपत राहिले. त्या पावसाळ्यात त्याला ताप आला तोही मला शाळेच्या निरोपावरून कळला.

२०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा उन्हाळ्याचा प्रश्न आला. सर डोळे बरे होऊन परतले होते. मी ते पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले आणि झाला प्रकार सांगितला. त्यांनी चष्मा लावून चित्रे नीट पाहिली आणि एका चित्रावर बोट ठेवले. ‘भाभी, ये लकडी का फर्श है. ये किताब बर्फ के मुल्क की है. हमारे बच्चे पत्थर पे कूदे.’

वर्षभरात ती गोष्ट मला दिसली नव्हती. लाकडी जमीन दणका पोटात घेते, शहाबादी तो परत पायात पाठवते. पुस्तकातल्या मुलांना तीन महिने मैदान नव्हते, थंडीत घरात बसून जडावलेली ती मुले. आमची पोरे मात्र वर्षभर गल्लीत, गच्चीवर, दिसेल तिथे पळणारी. पुस्तकात खोटे काहीच नव्हते. उतरवून घेणारे आम्ही शहाणे!

त्याच सुमारास माहेरी देगलूरला फोन केला. अण्णांना हे सारे सांगितले. अण्णा आता नव्वदीकडे झुकलेले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यामुळे त्यांच्या पिढीचे शिक्षण हैदराबादलाच. ते इथे शिकत होते त्या काळात हैदराबाद सिटी पोलीस या संघाचा देशभर दबदबा होता. मुंबईचा रोव्हर्स कप त्यांनी १९५० ते १९५४ असा ओळीने पाच वर्षे जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून चौथा आला, आणि १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेऊन आला. त्यानंतर वर्षाच्या आतच, जून १९६३ मध्ये, रहीम साहेब कर्करोगाने गेले. भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर मिळालेले नाही.

‘अगं, ते मूळचे शाळामास्तर,’ अण्णा म्हणाले. ‘मास्तरासारखंच शिकवायचे. चेंडू घेऊन एकट्यानं पळायचंच नाही, अशी स्पर्धा. नुसत्या कच्च्या पायानं खेळायचं, अशी स्पर्धा. आम्ही होस्टेलची पोरं पण तसं खेळून बघायचो. पडायचो धडाधड!’

अण्णांचे हे बोलणे माझ्या डोक्यात घर करून बसले. रहीम साहेबांच्या या स्पर्धा हैदराबादच्या फुटबॉलच्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. एक गोष्ट काढून घ्यायची आणि तिच्यावाचून खेळायला लावायचे. चेंडू जवळ ठेवता येत नाही म्हटले की मुलगा आधीच मान वर करून बघतो, आपला गडी कुठे आहे. उजवा पाय चालत नाही म्हटले की डावा शहाणा होतो. तुलसीदास बलराम, पीटर थंगराज, झुल्फिकारुद्दीन, नूर मोहम्मद ही याच हैदराबाद-सिकंदराबादची माणसे ऑलिंपिकपर्यंत गेली. त्यातले बलराम २०२३ च्या फेब्रुवारीत वारले. साधने कमी म्हणून रडत न बसता कमीपणालाच मास्तर करायचे, हे त्या शाळामास्तराने सत्तर वर्षांपूर्वी ओळखले होते. आमच्याकडे तर कमीपणाचा तुटवडाच नव्हता. जागा कमी, उसळी नको, धावणे नको!

सर म्हणाले, दुनियेतही हेच झाले. १९३० साली, म्हणजे उरुग्वेने पहिला विश्वचषक जिंकला त्याच वर्षी, तिथल्याच मोंटेव्हिडिओ शहरात वायएमसीएच्या हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बास्केटबॉलच्या मैदानावर पाच-पाच जणांचा फुटबॉल मांडला. आज त्याला फुटसाल म्हणतात. ब्राझीलचे मोठमोठे खेळाडू लहानपणी त्यात तयार झाले. त्याचा चेंडू लहान आणि जड चालीचा असतो. दोन मीटरवरून सोडला तर पासष्ट सेंटिमीटरच्या वर उसळता कामा नये, असा नियमच आहे. जागा थोडी असल्याने चेंडू प्रत्येकाच्या पायाला सारखा लागत राहतो.

मग आम्ही २०२४ च्या उन्हाळ्याचा तक्ता नव्याने केला. हॉलच्या भिंतीला टेकून, चहाचे कप घेऊन, दोन संध्याकाळी लागल्या. इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिले दोन आठवडे काहीच नाही. शब्दशः काहीच नाही. मुलांनी आजोळी जावे, पोहावे, सायकल चालवावी, झोपावे. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेच होते की एकच खेळ खेळणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून मिळून दोन-तीन महिने त्या खेळापासून सुट्टी हवी. यावर दोन पालक नाराज झाले. ‘दुसऱ्या शाळा सराव करतील, आपण झोपायचं?’ एक वडील तर मुलाचे नाव काढून घ्यायला निघाले. मी त्यांना दुसरे काही समजावले नाही, माझ्या मुलाच्या जिन्याची गोष्ट सांगितली. ते गप्प बसले.

पुढचे चार आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहा ते सव्वासात. त्यातला पहिला पाव तास अंग मोकळे करण्याचा. फिफाने खेळाडूंच्या दुखापती टळाव्यात म्हणून इलेव्हन प्लस नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम केलेला आहे. त्यातले एका पायावर तोल सांभाळणे, हळूहळू बसणे-उठणे, कोपरांवर फळीसारखे शरीर ताठ धरणे एवढे घेतले. उड्या अगदी थोड्या आणि त्याही बेगम बाजारातून आणलेल्या काथ्याच्या जाड चटया दुहेरी अंथरून. खिळ्यांचे बूट हॉलमध्ये बंद, साधे सपाट तळव्याचे कापडी बूट. बुटात टाचेखाली मऊ गादी.

नंतर अर्धा तास चेंडू. फुटसालचा चेंडू परवडणारा नव्हता. आम्ही चार नंबरच्या जुन्या चेंडूंची हवा कमी केली. छातीपासून सोडला तर गुडघ्याच्या खालीच राहावा, एवढी. हॉलचे चार भाग खडूने आखले. एका भागात भिंतीवर चेंडू मारून परत घेणे, दोनदा उजव्या पायाने, दोनदा डाव्या. दुसऱ्यात तळव्याखाली चेंडू फिरवणे. तिसऱ्यात कोंडाळे, म्हणजे चार जण कडेने आणि एक मध्ये, मध्यल्याने चेंडू हिसकवायचा. मोठ्या क्लबांत याला भारदस्त नावे आहेत, आमची पोरे त्याला ‘बीच में बंदर’ म्हणत. चौथ्या भागात पाणी आणि विश्रांती. दर सात मिनिटांनी सर शिट्टी मारायचे आणि गट पुढे सरकायचे.

शेवटची वीस मिनिटे तिघा-तिघांचा सामना, आणि दर दिवशी एक गोष्ट काढून घेतलेली. सोमवारी फक्त कच्चा पाय. बुधवारी चेंडूला दोनच स्पर्श. शुक्रवारी तोंडाने हाका मारायच्या नाहीत, नुसते बघून ओळखायचे. तो मुका सामना बघायला शिपाईमामासुद्धा दारात उभे राहत. बारा-तेरा वर्षांची पोरे आणि हॉलमध्ये नुसता बुटांचा आवाज, असे दृश्य शाळेत एरवी कुठले दिसायला!

माठातले पाणी आणि मीठ-जिरे घातलेले ताक माझ्याकडे. २०२२ साली रोजे एप्रिलभर आले होते तेव्हा सरांनी इफ्तारनंतर सराव ठेवला होता, तेव्हापासून कुणाचे शरीर आज कसे आहे हे विचारूनच वेळ ठरवायची, ही त्यांची पद्धत.

या तक्त्यात माझी स्वतःची भर एवढीच की अगदी वर, पहिल्या ओळीत, मी लिहिले होते: ‘आज कुठे दुखते?’ वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक रकाना. मुलगा आत आला की आधी ते सांगायचे. दुखत असेल त्याने तक्रार केली असे कुणी म्हणायचे नाही, हसायचे नाही. त्याला त्या दिवशी बसून करायचे काम द्यायचे, गुण मोजणे, शिट्टी मारणे, आणि कुठला गडी मोकळा होता ते सांगणे. पहिल्या दिवशी अठराच्या अठरांनी सांगितले, ‘कुछ नहीं आंटी.’ दुसऱ्या दिवशीही तेच. मुलांना आपल्या विचारण्याची खात्री पटायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी आमचा गोलकीपर, जो सगळ्यांत दांडगा, तो हळूच म्हणाला, ‘आंटी, घुटना थोडा दुखरा.’ त्या दिवशी सरांनी त्याला आपल्या शेजारी खुर्चीवर बसवले आणि सामन्याचा पंच केले. दुसऱ्या दिवसापासून रकाने भरू लागले. एक-दोन जणांना पंच व्हायची हौस म्हणूनही दुखू लागले, पण तेवढे चालायचेच.

आमच्या चिरंजीवांचा रकाना मात्र रिकामाच राहिला. मी विचारायची, तो मान हलवून पुढे जायचा.

त्या एप्रिलमध्येच रहीम साहेबांवरचा ‘मैदान’ सिनेमा आला होता, अजय देवगण त्यात रहीम झालेला. सर सगळ्यांना घेऊन गेले. सिनेमा सुटल्यावर पोरे आबिड्सच्या रस्त्यावरून कच्च्या पायाने पाण्याची रिकामी बाटली एकमेकांना देत घरापर्यंत आली. धाकटाही त्यांच्यात होता. मी मागून येत होते आणि माझे लक्ष त्याच्या टाचांकडे होते.

मृग लागले, पहिल्या सरी पडल्या, आणि शेवटचा आठवडा आम्ही पहाटे मैदानावर काढला. मऊ मातीवर उघड्यावर पळताना पोरे वासरांसारखी उधळली. पण उधळण्यातही एक फरक दिसत होता. चेंडू आला की आधी माना वर होत होत्या.

आता विचाराल, स्पर्धा जिंकलो का? नाही. दोन सामने जिंकलो, तिसऱ्यात पेनल्टीवर हरलो. समोरचा संघ चांगला होता. अठरापैकी एकही मुलगा दुखापतीने बाहेर बसला नाही, हे मात्र मला वहीत लिहून ठेवावेसे वाटले. नाव काढून घ्यायला निघालेल्या वडिलांनी शेवटच्या सामन्याला सगळ्यांसाठी उस्मानिया बिस्किटे आणली होती.

त्या आधीच्या एका बुधवारची गोष्ट सांगून थांबते. मे संपत आला होता. सकाळी पावणेसहाला मी ताकाची बरणी घेऊन जिना उतरत होते. धाकटा मागून येत होता. मधल्या वळणावर तो थांबला आणि म्हणाला, ‘आई, डावी टाच किंचित दुखतीय. आज मी लिहायला बसू का?’

मी ‘बस’ म्हटले. आणखी काही बोलले असते तर आवाज फुटला असता. हॉलवर पोचल्यावर वही उघडून त्याच्या नावापुढचा रकाना भरला. उन्हाळाभर जी ओळ कोरी होती, तीत मी दोनच शब्द लिहिले, ‘डावी टाच’.

ते जाडे पुस्तक अजून घरी आहे. फेकून दिले नाही. त्याच्या पहिल्या पानावर मी मराठीत लिहून ठेवले आहे, ‘आधी जमीन बघावी, मग मुलाला विचारावे.’ उद्या ते पुन्हा फुटपाथवर गेले आणि कुणा आईच्या हाती लागले, तर तेवढे तिच्या उपयोगी पडेल.